एकोणीस घरांचा डाव, बेरीज अडतीस

दुपारची जेवणे उरकली, ओटा पुसून झाला, की तासभर तरी घर शांत असते. या वेळात कुणी विणकाम हाती घेते, कुणी शब्दकोडे सोडवते, कुणी नुसती पाठ टेकते. आज मी तुम्हाला या तासाभरासाठी एक निराळाच उद्योग सुचवणार आहे. उद्योग आकड्यांचा आहे. थांबा, लगेच पान उलटू नका!

“आमचा नि गणिताचा छत्तिसाचा आकडा,” असे तुमच्यापैकी कितीतरी जणी म्हणतील. हरकत नाही. त्या छत्तिसात दोन मिळवा. आजच्या डावाचा आकडा अडतीस आहे.

एवढी बेरीज जिला आली तिला हा डाव येतो. यात गुणाकार नाही, भागाकार नाही, बीजगणितातला ‘क्ष’ तर नाहीच नाही. भाजीवाला ‘दोनशे दहा झाले ताई’ म्हणतो, आणि आपण पिशवीतल्या जुड्यांकडे बघत ‘दोनशे दहा कसे? एकशे नव्वदच होतात’ असे त्याला सुनावतो. कागद नाही, पेन्सिल नाही, तरी तो हिशेब चुकत नाही. बस्स, तेवढेच गणित लागणार आहे. आणि ते एकशे नव्वद लक्षात असू द्या हं, पुढे कामाला येणार आहेत.

रांगोळीतला षटकोन

हा डाव चौकोनी चौकटीत खेळायचा नाही, षटकोनात खेळायचा. षटकोन म्हणजे काही परका आकार नव्हे. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात ‘५ ते ३’ असे लिहिलेले असले, की आपल्याला आणखी काही सांगावे लागत नाही. मधली ओळ पाच ठिपक्यांची, तिच्यावर चार, त्यावर तीन, आणि खालच्या बाजूलाही तसेच चार आणि तीन. प्रत्येक ओळीतले ठिपके शेजारच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मोजून पाहा: ३, ४, ५, ४, ३. झाले एकोणीस. ठिपके जोडण्याआधीची ही रांगोळी म्हणजेच आपला पट.

खात्री पटवायची असेल तर एका मापाच्या सात बांगड्या घ्या. एक मध्ये ठेवा आणि बाकीच्या तिच्याभोवती, तिला आणि एकमेकींना चिकटवून लावा. बरोबर सहा बसतात. पाच लावल्या तर फट राहते आणि सातवीला जागा उरत नाही. मधमाशीच्या पोळ्यातही प्रत्येक घराला सहाच शेजारी असतात. क्रोशाच्या षटकोनी तुकड्यांची चादर जिने विणली आहे तिला तर हे सांगायलाच नको.

साहित्य

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, मिरपुडीच्या बाटलीचे झाकण, पेन्सिल, कात्री, आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचे एक पान.

झाकण पुठ्ठ्यावर ठेवून, पेन्सिल फिरवून, वर सांगितल्याप्रमाणे तीन, चार, पाच, चार, तीन असे गोल एकमेकांना चिकटून काढा. हा झाला पट. कॅलेंडरच्या पानावरचे १ ते १९ आकडे कापून उरलेल्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर डकवा. या झाल्या सोंगट्या. पेन्सिलीने थेट कागदावर लिहूनही डाव खेळता येतो, पण सोंगट्या असल्या की खोडाखोड होत नाही, आणि कोणते आकडे उरले ते समोर दिसत राहते. पैसा एकही खर्च नाही.

नियम

१. १ ते १९ हे सगळे आकडे वापरायचे. कोणताही आकडा दोनदा यायचा नाही, कोणताही राहायचा नाही.

२. एका घरात एकच आकडा.

३. पटावर आडव्या पाच ओळी आहेत. डावीकडून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या पाच ओळी आहेत, आणि उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्याही पाच. एकूण पंधरा ओळी. यातल्या प्रत्येक ओळीची बेरीज ३८ आली पाहिजे. मग ओळ तीन घरांची असो, चारांची असो की पाचांची.

४. उभी ओळ मोजायची नाही. रांगोळीत जसे एका ठिपक्याच्या अगदी खाली लगेच दुसरा ठिपका येत नाही, तसेच इथेही.

५. कोड्यात जे आकडे आधीच दिलेले असतात ते हलवायचे नाहीत.

६. अंदाजपंचे काही ठेवायचे नाही. ‘इथे हाच, दुसरा येऊच शकत नाही’ असे स्वतःला सांगता आले तरच सोंगटी ठेवायची.

सहावा नियम बाकीच्या पाचांइतका डोळ्यांना दिसत नाही, पण डावाची सगळी गंमत त्यातच आहे.

अडतीसच का?

मुलांना कोडे घातले की पहिला प्रश्न हाच येतो. चाळीस का नाही? पंचवीस का नाही? उत्तर सोपे आहे.

१ ते १९ ची बेरीज करा. सरळ करत बसू नका, जोड्या लावा. १ आणि १९ मिळून २०. २ आणि १८ मिळून २०. अशा नऊ जोड्या लागतात आणि मधला १० एकटा उरतो. नऊ जोड्यांचे १८०, वर १०, झाले १९०. (आले का भाजीवाल्याचे एकशे नव्वद?) आता आडव्या ओळी पाच. एकोणीसही घरे या पाच ओळींत वाटली गेली आहेत, एकही घर बाहेर नाही. पाचही ओळींची बेरीज सारखी हवी, तर १९० चे पाच सारखे वाटे केले पाहिजेत. प्रत्येकीच्या वाट्याला ३८. दुसरा आकडा यायचाच नाही.

“मग पट लहान केला तर?” असेही एखादे चौकस पोर विचारेल. सात घरांचा पट घ्या: दोन, तीन, दोन. इथे कोपऱ्यातले एक घर दोन घरांच्या दोन ओळींत येते. समजा त्या घरात ४ आहे. मग एका ओळीत ४ च्या जोडीला जो आकडा, तोच दुसऱ्या ओळीतही लागणार, नाहीतर बेरीज सारखी कशी होईल? पण आकडा दोनदा वापरायचा नाही. म्हणजे सात घरांचा डाव जमतच नाही. आणि त्याहून मोठा, सदतीस घरांचा? १ ते ३७ ची बेरीज होते ७०३ आणि आडव्या ओळी सात. ७०३ चे सात सारखे वाटे करायला गेले की ३ उरतात. तोही बाद. यापुढचे कोणतेही माप घेतले तरी १ पासूनचे आकडे घेऊन असा षटकोन होत नाही, हे गणितज्ञांनी सिद्ध केलेले आहे. जमतो तो एकच, आपला ‘५ ते ३’ चा.

चला, सोडवायला बसू

हे पाहा कोडे. रिकामी घरे चौकोनाने दाखवली आहेत.

　　३　□　१८
　□　□　□　११
१६　□　५　□　□
　□　□　□　□
　　□　□　□

पाच आकडे दिलेले आहेत, चौदा भरायचे आहेत. सुरुवात नेहमी कडेने करावी. कडेच्या ओळी तीन-तीन घरांच्या, त्यामुळे तिथे पर्याय कमी असतात.

सगळ्यांत वरची ओळ: ३ आणि १८ मिळून २१. अडतिसाला १७ कमी. मधल्या घरात १७.

आता ३ पासून डावीकडे उतरा. ३, रिकामे घर, १६. दोन्ही मिळून १९, म्हणजे मध्ये १९. तसेच १८ पासून उजवीकडे उतरा: १८ आणि ११ मिळून २९, म्हणजे मधल्या लांब ओळीच्या शेवटी ९. तीन आकडे बसले, तेही एका मिनिटात.

इथून पुढे जरा डोके लागते. ९ पासून खाली उतरणाऱ्या कडेवर आणखी दोन घरे आहेत, त्या दोघांची बेरीज २९ हवी. २९ कशाकशाचे होतात? १० आणि १९, पण १९ बसला. ११ आणि १८, दोघेही बसले. १२ आणि १७, तर १७ बसला. १३ आणि १६, तर १६ दिलेलाच आहे. उरले १४ आणि १५. तेव्हा तिथे हेच दोघे. वर कोण आणि खाली कोण ते अजून ठरवायचे नाही. सोंगट्या पटाशेजारी राखून ठेवा.

डावीकडे या. १६ च्या खाली दोन घरे, त्यांची बेरीज २२ हवी. इथे १९, १८, १७, १६ आणि ९ हे बसलेले, म्हणून ३ आणि १९, ४ आणि १८, ५ आणि १७, ६ आणि १६, ९ आणि १३ या जोड्या गेल्या. ७ आणि १५, ८ आणि १४ या चालल्या असत्या, पण १४ आणि १५ आपण पलीकडे राखून ठेवले आहेत. राहिली एकच जोडी: १० आणि १२.

आता तळाची ओळ. तिचे डावे टोक १० किंवा १२, उजवे टोक १४ किंवा १५. चारच शक्यता, चारही तपासा. १० आणि १४ घेतले तर मध्ये पुन्हा १४ लागतो. नाही चालत. १२ आणि १४ घेतले तर मध्ये पुन्हा १२. नाही. १२ आणि १५ घेतले तर मध्ये ११ लागतो, तो तर वर बसला आहे. नाही. १० आणि १५ घेतले तर मध्ये १३, आणि १३ मोकळा आहे. ठरले! तळाची ओळ १०, १३, १५. म्हणून १६ च्या खाली १२ आणि ९ च्या खाली १४.

सगळी कड भरली. एकाही ठिकाणी ‘बघू या बरं’ म्हणून आकडा ठेवला नाही, हे लक्षात आले का?

आता हातात काय उरले ते पाहा: १, २, ४, ६, ७, ८. मध्ये ५ आधीच आहे. जुन्या वाड्यात मोठी माणसे ओसरीवर आणि पोरेटोरे माजघरात, तशी ही गंमत आहे. ९ पासून १९ पर्यंतचे झाडून सगळे आकडे कडेला गेले, सोबतीला एकटा ३. आतली सहा घरे मी भरून देणार नाही, ती तुमची. एक खूण मात्र सांगते. १७ पासून १४ पर्यंत उतरणारी तिरकी ओळ पाहा आणि १८ पासून १० पर्यंत उतरणारी पाहा. या दोन ओळी जिथे एकमेकींना भेटतात, ते घर आधी धरा. पहिल्या ओळीत दोन घरांत मिळून किती हवेत? दुसरीत किती? दोन्हीकडे चालेल असा आकडा एकच आहे. तो सापडला की बाकीचे पाच सुतासारखे सरळ येतात.

सत्तेचाळीस वर्षे आणि हरवलेला कागद

एकही आकडा दिलेला नसताना हा षटकोन भरणे किती कठीण असेल? १९ आकडे १९ घरांत मांडण्याचे प्रकार मोजले तर ते १ वर सतरा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही जास्त भरतात. त्या एवढ्या पसाऱ्यात बरोबर मांडणी एकच. पट फिरवला किंवा आरशात पाहिला तर ती वेगळी दिसते एवढेच.

जर्मनीतील एर्न्स्ट फॉन हासेलबेर्ग यांनी १८८७ मध्ये ती शोधली होती, पण फार जणांना त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेत रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करणारे क्लिफर्ड ॲडम्स यांनी १९१० मध्ये स्वतःच्या डोक्याने हे कोडे हाती घेतले. षटकोनी फरश्यांवर १ ते १९ आकडे घालून ते फावल्या वेळात मांडत बसत. नोकरी संपली, निवृत्त झाले, तरी कोडे सुटेना. अखेर १९५७ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत असताना, मांडणी जमली. त्यांनी ती कागदावर टिपून ठेवली, आणि तो कागद हरवला! पुढची पाच वर्षे ती मांडणी त्यांना पुन्हा जुळवता आली नाही. १९६२ च्या डिसेंबरात कागद सापडला. महत्त्वाचा कागद नीट जपून ठेवायचा आणि मग तोच शोधत घर उलथेपालथे करायचे, हे काही आपल्याच घरात होते असे नाही, एवढे समाधान आपण मानून घ्यावे.

ॲडम्स यांनी ही मांडणी मार्टिन गार्डनर यांना कळवली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गार्डनर गणिताच्या खेळांवर सदर लिहीत. १९६३ मध्ये तिथे हा षटकोन छापून आला, आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स ट्रिग यांनी दाखवून दिले की याखेरीज दुसरी मांडणी नाही.

याच गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या अंकात आपल्या एका मराठी शिक्षकाविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. डॉक्टरेट नाही, मोठी प्रयोगशाळा नाही, हाती फक्त वही आणि आकडे. कोणताही चार आकडी अंक घेऊन (चारही आकडे सारखे नकोत) ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, हे त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केले. जादूचे चौकोनही ते बनवत.

आणि आता आपल्या गाडीमार्गाची गोष्ट! १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ संख्या असे नाव दिले. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचे डोंबिवली स्टेशन, त्या वेळच्या नावाने. या संख्यांचा विचार त्यांच्या मनात तिथे आला, म्हणून हे नाव. आम्हा बदलापूर-मांजर्लीच्या लोकांना अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली आणि मग डोंबिवली हे रोजचे पाठ. रोज लाखो माणसे त्या फलाटावर चढतात-उतरतात, पण तिच्या जुन्या नावाच्या संख्या गणिताच्या पुस्तकांत आहेत हे ठाऊक असणारी माणसे थोडी. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून जाताना मुलांना हे जरूर सांगा.

कापरेकरांनी आणखी एक गोड नाव दिले: ‘हर्षद’ संख्या, म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. आपली १९० घ्या. १, ९ आणि ० मिळून १०, आणि १९० ला दहाने पूर्ण भाग जातो. म्हणजे आपला सगळा पट मिळून हर्षदच आहे!

आमच्या घराण्यात गणित नाही?

मी अर्धवेळ शिकवते. सातवी-आठवीच्या मुली गणिताची वही उघडतात ती घाबरतच. कारण विचारले की उत्तर ठरलेले: “बाई, आमच्या आईला पण नाही यायचं गणित. आई म्हणते, आमच्या घराण्यातच नाही.” आणि तीच आई दूधवाल्याचे खाडे, भिशीचे हप्ते, गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला, लग्नाच्या पन्नास पानांना किती किलो तांदूळ लागतील, हे सगळे तोंडावर सांगत असते! घराण्यात गणित नाही ते कसे? घराण्यात फक्त त्याला गणित म्हणण्याची रीत नाही.

भीती बेरजेची नसते, चुकण्याची असते. आकडा चुकला की लाल फुली येणार, कुणीतरी हसणार, घरात धाकटा भाऊ ‘एवढं पण येत नाही?’ म्हणणार. ही भीती आईकडून मुलीकडे जाते, जशी हातची चव जाते तशी. नकळत. आणि पुढे मुलगी दहावीनंतर कुठे जायचे ते ठरवते तेव्हा तिला काय आवडते हा प्रश्न मागे पडतो, ‘जिथे गणित नाही तिथे’ एवढेच शोधले जाते. कितीतरी वाटा अशा आपल्या हाताने बंद होतात.

या डावाचा खरा उपयोग मला इथे वाटतो. आपल्याकडे हिशेबाचा ताळा करायची जुनी चाल आहे. इथे ताळा डावातच आहे. बाईंना दाखवायला नको, वडिलांना विचारायला नको, मागच्या पानावरचे उत्तर बघायला नको. पंधराही ओळी अडतीस आल्या तर बरोबर, एक जरी सदतीस आली तर कुठेतरी घोटाळा आहे, तो शोधा. चूक कळते ती आपली आपल्याला, आणि दुरुस्त होते तीही आपल्याच हाताने. सोंगटी उचलायची, दुसरी ठेवायची. लाल शाई कुठे लागतच नाही. ‘मी केलं ते बरोबर आहे, हे मला माहीत आहे’ असे ज्या मुलीला एकदा म्हणता येते, तिची वही पुढच्या वेळी तशी घाबरत उघडत नाही.

बाईचे आणि गणिताचे नाते आपल्याकडे नवे नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त कितीतरी उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. आणि इतके मागे तरी कशाला जा? मंगला नारळीकरांचेच उदाहरण घ्या. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात त्या पहिल्या आल्या. मग लग्न, परदेशातला संसार, तीन मुली. गणितातली पीएच.डी. त्यांनी मिळवली ती १९८१ मध्ये. मधली सतरा वर्षे संसार करताना त्यांनी वही मिटून टाकली नाही. पुढे त्यांनी मराठीत ‘गणितगप्पा’ आणि ‘दोस्ती गणिताशी’ लिहिले. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पुस्तकाचे नावच पाहा. गणिताशी दोस्ती करायची आणि गप्पा मारायच्या. याहून वेगळे मी काय सांगणार?

लहानांसाठी ‘पायवाट’

ज्यांना अजून दोन आकडी बेरीज जड जाते त्या मुलांसाठी याच पटावरचा सोपा डाव. यात बेरीज नाही. १ च्या शेजारी २, २ च्या शेजारी ३, अशी १९ पर्यंत पायवाट काढायची. शेजारी म्हणजे चिकटलेले घर, सहापैकी कोणत्याही बाजूचे. उडी मारायची नाही, एका घरात दोनदा जायचे नाही, एकही घर रिकामे सोडायचे नाही. चौकोनी चौकटीतला असाच खेळ इस्रायलच्या ग्योरा बेनेडेक यांनी ‘हिडाटो’ या नावाने लोकप्रिय केला.

　　□　१९　१७
　□　□　□　□
५　□　१　१५　□
　□　□　□　□
　　८　□　११

इथे १ पासून सुरू करू नका. जिथे दोन दिलेल्या आकड्यांमध्ये एकच घर उरते तिथून सुरू करा. १७ आणि १९ च्या मधला १८ दोघांनाही चिकटलेला हवा, तो कुठे बसेल? मग १५ आणि १७ च्या मधला १६. पुढे उजव्या टोकाचे घर पाहा. तिथे येण्याजाण्याच्या वाटा थोड्याच उरलेल्या असतात. जे घर अडचणीत आहे त्याचा विचार आधी करायचा, हे आपल्याला वेगळे शिकवायला नकोच!

जाता जाता काही सूचना

नवे कोडे तुम्हालाच बनवता येते. अडतिसाची पूर्ण मांडणी एकदा हाती आली, की पट फिरवा, पाच-सहा आकडे ठेवा, बाकीचे उचला. पाहणाऱ्याला ते नवेच वाटते. सुरुवातीला आठ आकडे द्यावेत, सवय झाली की एकेक कमी करत जावे.

मूल अडले तर आकडा सांगू नये. ‘या ओळीत किती हवेत? कोणते आकडे उरले?’ एवढेच विचारावे. उत्तर देऊन टाकले की त्याच्या हातचा आनंद गेला.

पावसाळ्यात लोकल बंद पडतात, वीज जाते, मुले घरात कोंडली जातात. त्या वेळी मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांनी मिळून हा पट मांडावा. आजी-आजोबांनाही घ्यावे. पावकी-निमकी पाठ असलेली ती पिढी बेरजेत नातवंडांना सहज मागे टाकते.

आणि मुलांसाठी म्हणून पट केला तरी एखादी दुपार तो स्वतःसाठी मांडा. वाचलेला लेख विसरेल, पण शेवटची सोंगटी ठेवून पंधरावी ओळही अडतीस आल्यावर जे वाटते ते विसरणार नाही.

उत्तरे (आधी सोडवा, मगच पाहा!)

अडतिसाचा षटकोन:

　　३　१७　१८
　१९　७　१　११
१६　२　५　६　९
　१२　४　८　१४
　　१०　१३　१५

पायवाट:

　　३　१९　१७
　४　२　१८　१६
५　६　१　१५　१४
　७　९　१२　१३
　　८　१०　११